डॅशबोर्डवर सगळं हिरवं होतं

दोन वर्षं मी स्टूल घेऊन फिरले. आमच्या संस्थेच्या इमारतीत १४ टीव्ही लावलेले आहेत: प्रवेशद्वाराशी, लिफ्टसमोर, सभागृहाबाहेर, प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्यात. सूचना बदलली की पेन ड्राइव्हवर नवी फाइल घ्यायची, स्टूलवर चढून टीव्हीच्या मागे हात घालायचा, यूएसबीचं भोक चाचपडत शोधायचं, रिमोटने ‘रिपीट’ लावायचं आणि खाली उतरायचं. हे चौदा वेळा. पाचव्या मजल्यावर लिफ्ट जात नाही, त्यामुळे तिथे जायचा मी कंटाळा करायचे. होऊन गेलेल्या एका शिबिराचं निमंत्रण त्या मजल्यावर तीन महिने झळकत होतं. कुणी तक्रारही केली नाही, म्हणजे ते कुणी वाचत नव्हतं हे उघड होतं. पण तो विचार मी तेव्हा लांबच ठेवला.

मग सगळे टीव्ही एका जागेवरून चालवता येतील असा ऑनलाइन डॅशबोर्ड घ्यायचं ठरलं. ‘कॉम्प्युटरचं तूच बघतेस ना’ या न्यायाने ते काम माझ्या गळ्यात आलं. मलाही हवंच होतं. जागेवर बसून चौदा पडदे हलवायचे, म्हणजे स्टूल सुटलं एकदाचं, असं वाटत होतं.

रचना साधी आहे. प्रत्येक टीव्हीमागे एक छोटा प्लेअर बसतो. आमच्याकडे रास्पबेरी पाय ४ हे चिमुकले कॉम्प्युटर आहेत, पत्त्यांच्या जोडाएवढी डबी. ती एचडीएमआय केबलने टीव्हीला आणि नेटवर्कने डॅशबोर्डच्या सर्व्हरला जोडलेली असते. चित्रं, व्हिडिओ, वेळापत्रक हे सगळं डबी आधी उतरवून आपल्या मेमरी कार्डावर ठेवते आणि तिथूनच दाखवते. बऱ्याच जणांना वाटतं की इंटरनेट गेलं की पडदा बंद. तसं होत नाही. नेट गेलं तरी शेवटची उतरवलेली प्लेलिस्ट निवांत चालू राहते. फक्त नवीन काही पोचत नाही. ही गोष्ट चांगली आहे, आणि पुढे तीच मला नडली.

नवी डबी सुरू केली की पडद्यावर सहा अक्षरांचा कोड येतो. तो डॅशबोर्डमध्ये ‘स्क्रीन जोडा’वर जाऊन टाकायचा. अर्ध्या मिनिटात कोड जातो आणि तिथे आपण ठरवलेलं चित्र येतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी टेबलावरच टाळी वाजवली होती. उत्साहाच्या भरात चौदाच्या चौदा डब्या एकाच मॉनिटरला आलटून पालटून लावल्या, एका दुपारीच जोडून टाकल्या, ‘स्क्रीन १’ ते ‘स्क्रीन १४’ अशी नावं दिली आणि सगळ्या खोक्यात भरून इलेक्ट्रिशियनच्या हवाली केल्या.

त्यांनी खोक्यातून हाताला येईल ती डबी उचलली आणि समोर येईल त्या टीव्हीला लावली. त्यांची काही चूक नव्हती; डब्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि मी एकीवरही काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सभागृहातल्या कार्यक्रमाची पाटी पार्किंगमध्ये आणि पार्किंगचे बाण ग्रंथालयात.

यावर उपाय सापडला तो असा. काळ्या पार्श्वभूमीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरात फक्त त्या स्क्रीनचं नाव दाखवणारा एक लेआउट केला आणि सगळीकडे पाठवला. मग कागद-पेन घेऊन इमारतभर फिरले. लिफ्टसमोर ‘स्क्रीन ९’, सभागृहाबाहेर ‘स्क्रीन २’, असं उतरवून घेतलं. परत आल्यावर आकडे काढून टाकून नावं जागेवरून दिली: ‘२-लिफ्ट-उभी’, ‘०-प्रवेशद्वार-आडवी’. आधी मजला, मग जागा, मग पडदा उभा की आडवा. प्रत्येक डबीवर तिच्या नेटवर्कवरच्या ओळख-क्रमांकाची, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसची शेवटची चार अक्षरं लिहिलेली चिकटपट्टी लावली आणि तीच चार अक्षरं डॅशबोर्डमध्ये वर्णनाच्या रकान्यात टाकली. तो नाव दाखवणारा लेआउट मी अजून पुसलेला नाही.

नावांबरोबर टॅग आले, म्हणजे स्क्रीनचे गट पाडायच्या खुणा. वेळापत्रक एकेका स्क्रीनला लावत बसायचं नाही, टॅगला लावायचं, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. ‘उभी’, ‘आडवी’, ‘सार्वजनिक’, ‘कर्मचारी’ असे चार टॅग पुरले. नवी डबी आली की तिला टॅग द्यायचा, बाकीचं आपोआप येऊन बसतं. उभ्या पडद्यांचं एक लफडं वेगळंच होतं: चित्र फिरवायची सोय डॅशबोर्डमध्येही आहे आणि डबीच्या सेटिंगमध्येही. मी दोन्हीकडे ९० अंश दिले आणि सगळं आडवं झालं, म्हणजे अक्षरं अक्षरशः कुशीवर. एकाच ठिकाणी फिरवा आणि कुठे फिरवलं ते लिहून ठेवा. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मराठी मजकुरावर मात्र माझा आठवडा गेला.

डॅशबोर्डमध्ये मजकुराची चौकट असते. तिच्यात टाइप करा, रंग निवडा, झालं. माझ्या ब्राउझरमधल्या प्रिव्ह्यूत ‘विद्यार्थी साहाय्य कक्ष’ सुरेख दिसत होतं. खाली जाऊन पडदा पाहिला तर ओळभर रिकामे चौकोन. डबीवर देवनागरी फॉन्टच नव्हता. प्रिव्ह्यू माझ्या लॅपटॉपचा फॉन्ट वापरून मला खूश करत होता. या रिकाम्या चौकोनांना फॉन्टवाले लोक ‘टोफू’ म्हणतात, आणि ‘टोफू नको’ यावरूनच ‘नोटो’ हे फॉन्टचं नाव पडलं. नोटो सॅन्स देवनागरी डॅशबोर्डच्या फॉन्ट विभागात चढवला आणि चौकोन गेले.

पण तळाशी सरकणारी पट्टी बिघडलेलीच राहिली. तिथे ‘विद्यार्थी’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन उभी, ‘द्या’ फुटून ‘द’ला हलन्त लागलेला, आणि ‘र्थी’चा रफार वर चढायच्या ऐवजी पाय मोडका ‘र’ होऊन बाजूला बसलेला. वाचता येत होतं, पण शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईने गोल करावं तसं. कारण शोधायला वेळ लागला. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक मांडून चालत नाही. कुठली जोडायची, कुठली मागे सरकवायची, कुठली वर चढवायची हे ठरवणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. साधी मजकूर-चौकट डबीतल्या ब्राउझरमध्ये उमटते आणि ब्राउझरमध्ये तो भाग असतो, म्हणून ती फॉन्ट मिळताच सुधारली. सरकणारी पट्टी मात्र प्लेअरचा एक निराळा तुकडा रंगवत होता आणि त्याला हे जोडकाम येत नव्हतं. शेवटी ती पट्टी मी छोट्या वेब पानाच्या रूपात केली आणि ते पान पट्टीच्या जागी बसवलं. तेव्हापासून वेलांटी जागेवर आहे.

‘सगळं चित्र करूनच टाक ना, जेपीईजी’ असा सल्ला मला तिघांनी दिला. चित्र करता येतं, पण मग तारीख बदलायची तर ज्याच्याकडे मूळ फाइल आहे त्याला शोधा, तो रजेवर असला तर थांबा. मजकूर मजकूर म्हणून राहिला तर मी फोनवरूनही दुरुस्त करू शकते. त्यामुळे त्या सल्ल्याला मी मान हलवली आणि तो मानला नाही.

अक्षरांच्या आकाराबद्दल पाट्या करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दर १० फुटांमागे १ इंच उंचीचं अक्षर. तो रोमन अक्षरांसाठी ठीक आहे. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे त्याच उंचीत मधलं अक्षर बारीक होतं आणि दोन ओळी जवळ आणल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या अनुस्वाराला टेकतो. मी ओळींमधली जागा फॉन्टच्या दीडपट ठेवते, आणि एका स्लाइडवर तीन ओळींच्या पुढे जात नाही. चौथी ओळ पाठवणाऱ्यांशी वाद घालते.

वाद स्लाइडच्या संख्येवरूनही झाला. प्रत्येक विभागाला आपली स्लाइड हवी होती आणि लिफ्टसमोरची प्लेलिस्ट १८ स्लाइडवर गेली. प्रत्येक १० सेकंद, म्हणजे एक फेरी तीन मिनिटांची. मी दोन दिवस लिफ्टपाशी उभी राहून घड्याळ लावलं. माणूस तिथे सरासरी अर्धा मिनिट थांबतो. म्हणजे त्याला तीन स्लाइड दिसतात, कुठल्या ते नशिबावर. हे गणित कागदावर मांडून बैठकीत ठेवलं तेव्हा कुठे १८च्या ६ झाल्या. शिवाय प्रत्येक स्लाइडला संपण्याची तारीख देणं सक्तीचं केलं. तारखेशिवाय मी काही स्वीकारत नाही, कारण पाचव्या मजल्यावरचं ते शिबिर मी विसरलेले नाही.

व्हिडिओचं थोडक्यात सांगते. आम्हाला ३० सेकंदांची एक फिल्म करून मिळाली, ४के, एच.२६४ या पद्धतीने दाबलेली, साधारण १९० एमबी. टीव्हीवर ती अडखळत, चित्र गोठत चालायची. दोष फिल्मचा नव्हता. पाय ४चं हार्डवेअर एच.२६४ फक्त १०८०पी, म्हणजे फुल एचडीपर्यंत उलगडतं. ४के त्याला एच.२६५ मध्येच जमतं. आणि आमचे टीव्ही तरी कुठे ४के होते! हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये १०८०पी, ३० फ्रेम, ८ एमबीपीएस केलं, फाइल ३० एमबीची झाली. चौदा डब्या एकाच वेळी ती उतरवतात, म्हणजे २.६ जीबीच्या जागी ४२० एमबी. नेटवर्क सांभाळणारे सहकारी त्या दिवसापासून माझ्याशी जरा बरं बोलू लागले.

आता त्या हिरव्या ठिपक्याकडे येते.

डॅशबोर्डवर प्रत्येक स्क्रीनपुढे एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे चालू, राखाडी म्हणजे संपर्क तुटला. डबी दर थोड्या वेळाने सर्व्हरला ‘मी आहे’ म्हणून कळवते, ते कळलं की हिरवा. पहिल्या दिवशी सकाळी नऊला सगळं सुरू केलं, चौदा हिरवे ठिपके पाहून समाधानाने कामाला लागले. दुपारी एकनंतर फोन सुरू झाले: टीव्ही बंद आहेत. एक नाही, एका पाठोपाठ एक सगळे. डॅशबोर्डवर चौदाही हिरवे. स्क्रीनशॉट मागवला तर तोही लख्ख, स्वागताची स्लाइड दाखवणारा.

हे घरगुती टीव्ही होते, आणि बऱ्याच घरगुती टीव्हींमध्ये वीज वाचवायला एक सोय असते: चार तास रिमोटला कुणी हात लावला नाही तर टीव्ही आपणहून बंद होतो. रात्री टीव्ही लावून झोपणाऱ्यांसाठी ते उत्तम आहे. आमचे टीव्ही बरोबर चार तासांनी झोपले. आणि स्क्रीनशॉट? तो डबी घेते, केबलमध्ये जाण्याआधीच्या चित्राचा. केबलच्या पलीकडे काय चाललंय हे तिला ठाऊकच नसतं. टीव्ही बंद असो, कुणी सोर्स बदललेला असो, केबल अर्धी निघालेली असो, स्क्रीनशॉट छानच येणार.

पुन्हा स्टूल आलं. चौदा टीव्हींच्या मेनूत जाऊन ती सोय बंद केली. जाता जाता एचडीएमआय-सीईसी चालू केलं. त्याने डबी त्याच केबलमधून टीव्हीला ‘चालू हो’, ‘बंद हो’, ‘माझ्या सोर्सवर ये’ असं सांगू शकते. मेनूत मात्र सीईसी या नावाने ते सहसा सापडत नाही. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, असं प्रत्येकाचं आपलं बारसं. मग डॅशबोर्डमध्ये सकाळी आठला चालू आणि रात्री आठला बंद असा आदेश लावला. दोन टीव्ही तो आदेश कधी ऐकतात, कधी नाही. त्यांच्याशी मी जुळवून घेतलंय.

यानंतर साधारण तीन आठवडे शांततेत गेले. मग प्रवेशद्वाराची डबी कार्ड खराब झाल्याने बदलावी लागली. नवी डबी माझ्या टेबलावर तयार केली, तपासली, संध्याकाळी नेऊन लावली. साडेसहाला तिच्यावर ‘आजचं कामकाज संपलं आहे’ ही पाटी आली, ती सकाळी आठपर्यंत राहते. ठरल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ चाळीसला वॉचमन काकांचा फोन. “मॅडम, तुमच्या टीव्हीवर ऑफिस बंद लिहून येतंय. दोघं-तिघं वाचून परत गेले. मी हाका मारल्या, पण तोवर ते गेटबाहेर.”

मी डॅशबोर्ड उघडला. ठिपका हिरवा. शेवटचा संपर्क ४० सेकंदांपूर्वी. वेळापत्रकात आत्ता स्वागताची प्लेलिस्ट. स्क्रीनशॉट मागवला, तर या वेळी स्क्रीनशॉटही काकांच्याच बाजूने बोलत होता: ‘आजचं कामकाज संपलं आहे’. म्हणजे टीव्हीचा दोष नव्हता. रीबूट केलं. तीच पाटी. डबीत साठलेल्या फाइली पुसून सगळं नव्याने उतरवलं. तीच पाटी. वेळापत्रक पुसून पुन्हा लिहिलं, तरी तीच. काका दारात उभे राहून प्रत्येक येणाऱ्याला “चालू आहे, चालू आहे, या” म्हणत होते. मी त्यांना म्हटलं, “काका, मेन स्विच बंद करून ठेवा टीव्हीचा.” ते म्हणाले, “मग तसं आधीच सांगायचं ना.”

लॉग पाहायचं मला अकरा वाजता सुचलं. लॉग म्हणजे डबी स्वतः लिहिते ती रोजनिशी. शेवटची नोंद, माझ्या शेवटच्या आदेशाची, जी मी सकाळी नऊनंतर दिली होती, तिच्यापुढे वेळ होती काल रात्री नऊची.

पाय ४ मध्ये, आणि तिच्या आधीच्या मॉडेलांमध्येही, बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. वीज गेली की वेळही गेली. सुरू होताना ती शेवटची लक्षात ठेवलेली वेळ धरून चालते आणि मग नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून काटे दुरुस्त करते. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये घड्याळाचं सर्किट दिलंय, पण तिची बॅटरी वेगळी लावावी लागते. आमच्या प्रवेशद्वारापाशी रात्री आठला मेन स्विच बंद होतो आणि सकाळी आठला चालू. डबी सकाळी उठली तेव्हा तिच्या लेखी रात्रीचे आठच वाजले होते. वेळापत्रक ती अगदी इमानदारीने पाळत होती. फक्त तिची रात्र चालू होती.

वीज तर बाकीच्या डब्यांचीही रात्री जाते. मग हीच का? कारण प्रवेशद्वाराचा टीव्ही पाहुण्यांच्या वाय-फायवर आहे, केबल तिथवर पोचत नाही म्हणून. त्या नेटवर्कवर वेब पानांसाठीचं दार, म्हणजे ४४३ पोर्ट, उघडं आहे, त्यामुळे डॅशबोर्डशी गप्पा व्यवस्थित चालू होत्या. वेळ विचारण्याचं दार, यूडीपी १२३, मात्र नेटवर्कच्या राखणदाराने, म्हणजे फायरवॉलने, बंद केलेलं होतं. सर्व्हरचं म्हणणं तिला ऐकू येत होतं. किती वाजले हे विचारायचं तेवढं दार बंद. माझ्या टेबलावरच्या नेटवर्कवर ते दार उघडं होतं, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं. जुनी डबी का बिघडली नव्हती? तिला दोन महिन्यांपूर्वी मीच घड्याळाचा एक चिमुकला भाग बसवला होता, डीएस३२३१, नाण्याएवढ्या सेलवर चालतो. कार्डासकट डबी बदलली तेव्हा तो जुन्या डबीवरच राहिला आणि जुनी डबी माझ्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे आजार मला ठाऊक होता, औषधही मीच दिलं होतं, आणि रुग्ण बदलल्यावर मीच विसरले.

घड्याळाचा भाग काढून नव्या डबीच्या पिनांवर बसवला, सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, आणि नेटवर्कवाल्या सहकाऱ्यांना सांगून १२३ही उघडून घेतलं. ते म्हणाले, “हे आधी मागितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.” त्या दिवशी हे वाक्य ऐकण्याची ती दुसरी वेळ. वर्णनाच्या रकान्यात आता ‘घड्याळ आहे, सेल बदलल्याची तारीख’ असंही लिहिलेलं असतं. काकांना मी सॉरी म्हटलं, तर ते म्हणाले की लोकांना हाका मारून त्यांचा घसा बसलाय, तेवढं सोडलं तर काही नाही.

परवानग्यांबद्दल एवढंच की सुरुवातीला सगळ्यांना सगळं करता येत होतं. एका सहकाऱ्याने शिकता शिकता ‘टेस्ट टेस्ट’ असं लिहिलं आणि ते टॅग न निवडता प्रसिद्ध केलं. पाहुणे आलेल्या दिवशी चौदा पडद्यांवर वीस मिनिटं ‘टेस्ट टेस्ट’. आता विभागांना फक्त मसुदा करता येतो, प्रसिद्ध मी आणि आणखी एक जण करतो. दोघांनाही पासवर्डबरोबर फोनवरचा कोड लागतो, कारण या पडद्यांवर बाहेरच्या कुणी काही लिहिलं तर ‘टेस्ट टेस्ट’वर भागणार नाही.

हल्ली दर सोमवारी सकाळी मी फोनवर डॅशबोर्ड उघडून इमारतभर एक चक्कर मारते. फोनवरचा स्क्रीनशॉट आणि भिंतीवरचा पडदा शेजारी धरून पाहते, वीस मिनिटं लागतात. पाचव्या मजल्यावरही जाते. गेल्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावर ठिपका हिरवा, स्क्रीनशॉट बरोबर, घड्याळ बरोबर, टीव्ही चालू, आणि त्याच्या बरोबर समोर कुणीतरी आणून ठेवलेलं फायलींचं लोखंडी कपाट. कपाटाच्या कडेने फक्त पडद्याचा उजेड भिंतीवर पडलेला दिसत होता. कपाट हलवायला दोन माणसं लागली. तोवर मी तिथल्याच एका स्टूलवर बसून होते.